न दुखणाऱ्या लेकराला वाढवताना



लेकरू रडलं की आपण हातातलं काम टाकून धावतो. आमच्या घरी याच्या उलट आहे. आमचं पोर पडलं, भाजलं, कापलं तरी रडत नाही, आणि ते रडत नाही म्हणूनच आम्हाला धावावं लागतं. त्याला दुखतच नाही. जन्मल्यापासून नाही. याच गोष्टीवर आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आम्ही राहतो घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर. मेट्रोतून जाताना रंगवलेली घरं दिसतात ना, त्याच वस्तीत. रंग बाहेरून आहे, आत पत्रा तापायचा तसाच तापतो. मूळचे आम्ही सातारा जिल्ह्यातले. घरात पाच माणसं: आत्या म्हणजे आमच्या सासूबाई, रिक्षा चालवणारे आमचे हे, थोरली मुलगी, धाकटा मुलगा, आणि घरी बसून साड्यांना फॉल-पिको करणारी ही बाई. मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. पोराला सांभाळायचं काम पाचांचं मिळून आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणते. थोरलीचाही त्यात वाटा आहे, आणि तो लहान नाही.

दुखत नाही म्हणजे अंग बधिर आहे असं नाही. पाठीवरून हात फिरवला तर त्याला कळतं. गुदगुल्या केल्या तर हसून लोळतो. पण सुई टोचलेली कळत नाही, आणि ऊन-थंड कळत नाही. शिवाय त्याला घाम येत नाही. अंगाई ऐकत झोपणारं, रागावलं तर मुसमुसणारं, ताई मामाकडे गेली की दारात बसून डोळ्यांतून टिपं गाळणारं पोर आहे ते. मनाचं दुखणं त्याला आहे. अंगाचं नाही.

हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. दीड महिन्याचा असताना लस टोचली तेव्हा तो रडला नाही. रांगेतल्या बाया म्हणाल्या, “काय शहाणं बाळ आहे!” पुढच्या महिन्यातही तेच. मग उन्हाळा आला. अंग तव्यासारखं तापायचं आणि कातडी कोरडी खडखडीत. तापाचं औषध दिलं तरी उतार पडायचा नाही. रक्त तपासलं, लघवी तपासली, काही सापडायचं नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसून पंख्याखाली ठेवलं की तासाभरात उतरायचा. आत्याच म्हणाल्या, “हा ताप आतला नाही, ह्याला उकडतंय.” शिकलेल्या माणसांच्या आधी त्यांनी ते बरोबर ओळखलं होतं.

मग दात आले. इथून खरी परीक्षा सुरू झाली. दात शिवशिवतात म्हणून प्रत्येक लेकरू बोटं चावतं, जीभ चावतं, पण दुखलं की थांबतं. याला थांबवणारं आत काही नव्हतं. सकाळी उठवलं तर उशीवर रक्त, जिभेचं टोक फाटलेलं, आणि पोर आपलं आमच्याकडे बघून हसतंय. पुढे एकदा तापलेल्या इस्त्रीला त्याचा हात टेकला. चटका बसल्याचा आवाज नाही, रडणं नाही, कळलं ते वासानं. ज्या दवाखान्यात नेलं तिथं आम्हालाच विचारलं, “कुणी डागलं ह्याला? खरं सांगा.” पोटचं पोर असं भाजलेलं आणि रडत नाही, हे बघून समोरच्याला संशय येणारच. पण तो दिवस आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून मोठ्या रुग्णालयाचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही कायम बरोबर ठेवतो.

मोठ्या रुग्णालयात मेंदू आणि नसांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद बघायच्या आधी त्याची जीभ पाहिली, बोटं पाहिली आणि विचारलं, “ह्याला घाम येतो का?” त्या प्रश्नालाच आम्हाला रडू आलं, कारण दोन वर्षांत तो कुणी विचारला नव्हता. मग कातडीवर औषधाचा थेंब टाकून टोचून पाहिलं. आपल्याला तिथं भोवताली लाली पसरते, त्याला पसरली नाही. पुढे रक्तातल्या जनुकांची तपासणी झाली.

त्यांनी समजावलं ते आमच्या भाषेत असं. बाळ पोटात असताना त्याच्या नसा वाढतात. दुखणं सांगणाऱ्या आणि घाम आणणाऱ्या बारीक नसांना वाढायला एक खत लागतं, आणि ते खत घ्यायला नसेला तोंड लागतं. आमच्या मुलाच्या नसांना ते तोंडच नीट तयार झालं नाही, म्हणून त्या नसा रुजल्याच नाहीत. ही खोट नेमकी कुठल्या जनुकात आहे ते जपानच्या डॉक्टरांनी १९९६ साली शोधून काढलं. आजार फार क्वचित होणारा आहे. त्याला आज औषध नाही.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. गावाकडून बायका फोन करायच्या, “ग्रहणात काही चिरलं होतंस का? पोटुशी असताना कुठं गेली होतीस?” ह्याचा ग्रहणाशी काडीचा संबंध नाही. आईनं काय खाल्लं, कुठं गेली, कुणाची नजर लागली, कशाशीच नाही. हा दोष आई आणि बाप दोघांकडून एकेक यावा लागतो. एकाकडूनच आला तर मुलाला काही होत नाही, दोघांकडून आला तरच होतं. असे आईबाप असले की प्रत्येक बाळंतपणाला चारात एक अशी शक्यता असते. आमची थोरली ठणठणीत आहे.

आणि दोघांकडे एकच दोष असायची शक्यता कधी वाढते? रक्ताच्या नात्यात लग्न झालं की. आमचं तसंच आहे. आत्या ह्या सासू व्हायच्या आधी आमच्या सख्ख्या आत्या. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे किती जुनी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. शेत घरात राहतं, पोरगी माहेरासारखी नांदते, सगळं खरं. नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुलं चांगलीच असतात, हेही खरं. पण ज्या घरात असा काही आजार एकदा दिसलाय, त्या घरानं पुढचं लग्न नात्यात ठरवायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं. आमच्या घरात हे आता ठरलं आहे. आणि ते कुणी ठरवलं? आत्यांनी. दिराच्या मुलीसाठी नात्यातलं स्थळ आलं तेव्हा त्यांनीच नको म्हणून सांगितलं.

आता रोजचं सांगते.

रोज दोनदा आम्ही त्याला तपासतो, सकाळी शाळेआधी आणि रात्री झोपताना. तोंड उघडून जीभ, गालाच्या आतली बाजू, हिरड्या. मग डोळे, कारण डोळ्यात कण गेला तरी त्याला टोचत नाही. चोळून चोळून बुबुळावर ओरखडा आला तर नजरेला धोका. मग बोटं, नखं, कोपर, गुडघे, घोटे. शेवटी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या. प्रत्येक सांध्याला हाताची पाठ लावायची. एक सांधा दुसऱ्यापेक्षा गरम लागला, की आत काहीतरी आहे.

दीड वर्षापूर्वी घोटा असाच कळला. पायऱ्या चढताना तो डावा पाय जरा फेंगडा टाकत होता. हसत होता, खेळत होता. हात लावला तर घोटा गरम आणि सुजलेला. फोटो काढला तर हाड मोडलेलं. तुमच्या-आमच्या पायाचं हाड मोडलं तर आपण पाऊल टेकवू का? हा त्या पायानं डोंगर चढत होता. प्लास्टर घातल्यावरही तीच गत. दुखत नाही, मग बसायचं कशाला? सहा आठवडे एक माणूस फक्त त्याला बसवून ठेवायला लागलं. ह्यांनी रिक्षा रात्रपाळीला घेतली, दिवसा ते बसायचे, कॅरम खेळायचे. बापाला कॅरम काही येत नाही, हे पोराला तेव्हाच कळलं.

घरातलं सामान आम्ही त्याच्या हिशेबानं मांडलं आहे. शेगडी वर ओट्यावर, आणि कुकर उतरला की आतल्या कोपऱ्यात. अंघोळीचं पाणी मोठं माणूस कोपर बुडवून बघतं, मगच तो बसतो. चहा-दूध कोमट. फॉल-पिकोच्या सुया डब्यातून मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. बारा काढल्या तर बारा परत गेल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. घरातसुद्धा पायात चप्पल. रात्री पायमोजे, कारण झोपेत तो अंगठे खाजवून सोलून काढतो. नखं दर रविवारी. दाताच्या डॉक्टरांनी दुधाच्या दातांच्या धारा घासून बोथट करून दिल्या होत्या, तेव्हा कुठं जीभ भरून आली.

उन्हाळ्यात आमचं घर म्हणजे भट्टी. पत्र्यावर गोणपाट टाकून त्यावर पाणी मारतो. पण पाणी यायची वेळ ठरलेली, तेव्हा हंडे भरताना एक हंडा पत्र्याचा म्हणून वेगळा. शाळेत जाताना आतला बनियन ओला करून घालतो. शाळेतल्या बाईंकडे पाण्याची बाटली आणि एक पंचा ठेवलेला आहे. मैदानावर अकराच्या पुढे नाही. अंग थंड करायला बर्फ मात्र थेट लावत नाही. थंडीही कळत नसल्यामुळे बर्फानं कातडी जळली तरी तो सांगणार नाही.

पावसाळ्यात वेगळी काळजी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, सगळी उपनगरं पाण्यात. त्यानंतर मुंबईत लेप्टोच्या तापाची साथ आली. उंदीर-घुशींच्या मुतानं घाण झालेलं पाणी पायाच्या जखमेतून अंगात जातं, तेव्हा हा ताप येतो. ज्याला पायाला जखम असल्याचंच कळत नाही, त्याचं काय? म्हणून पाणी तुंबलं की त्याला खांद्यावर घ्यायचं, आणि तुंबलेल्या पाण्यात पाय गेलाच तर धुऊन, पुसून, त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात. तिथं मोठ्यांना गोळ्या देतात. लहान मुलांना काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. गावाकडे भाताच्या चिखलात काम करणाऱ्या बायांनीही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही, लेप्टो तिथंही होतो.

पोटातलं दुखणं तर दिसतही नाही. म्हणून आम्ही वागणं बघतो. जेवला नाही, उलटी झाली, गप्प बसला, तर वाट बघायची नाही. बाकीची मुलं पोट धरून रडतात, आमचा नुसता गप्प होतो.

पण आयुष्यभर आम्ही त्याच्या मागे हिंडू शकणार नाही. त्यालाच शिकवावं लागणार. “दुखलं की सांग” ह्या वाक्याचा त्याला उपयोग नाही. मग आम्ही डोळ्यांनी ओळखायच्या चार गोष्टी शिकवल्या: लाल दिसलं, ओलं दिसलं, फुगलं दिसलं, वाकडं दिसलं, की सांगायचं. ताईनं त्याचं गाणं केलं. तो आता अंघोळीनंतर स्वतःचे पाय स्वतः बघतो, तळव्यासाठी छोटा आरसा आहे. थोडं लबाडपण पण शिकलाय. शाळा नको असली की पोट धरून “आई गं” करतो, हुबेहूब ताईची नक्कल. आम्हाला हसू येतं, आणि तरी पोट तपासावंच लागतं.

सगळ्यात अवघड गोष्ट घराबाहेरची आहे. गल्लीतली पोरं म्हणतात, “दाखव ना, टोचून दाखव.” एका मोठ्या माणसानं दहा रुपये देऊ केले होते. कुणी म्हणतं, अंगात देव आहे. एकानं तर यात्रेत बसवायचं सुचवलं. अशा वेळी आम्ही त्यांना पाकिस्तानातल्या एका मुलाची हकीकत सांगतो. ती विलायतेतल्या डॉक्टरांनी २००६ साली मोठ्या शास्त्रीय मासिकात छापली. तो मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. हातातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा, लोक बघायला जमायचे. डॉक्टर त्याला तपासू शकायच्या आधीच तो गेला. घराच्या छपरावरून उडी मारली होती. चौदाव्या वर्षाच्या आसपास. त्याचा प्रकार आमच्या मुलापेक्षा वेगळा होता, दुसऱ्या जनुकातला. पण धोका तोच. त्या भागातल्या घराण्यांवरून शास्त्रज्ञांना दुखणं वाहून नेणारी वाट सापडली, आणि त्या वाटेवर नवी वेदनाशामक औषधं शोधायचं काम सुरू झालं. जगाला फायदा होईल, चांगलंच आहे. आम्हाला मात्र त्या टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीचा राग येतो.

तुम्ही म्हणाल, असं पोर लाखात एखादं, आमच्या गावात कुठं असणार? पण न दुखणारं अंग तुमच्या गावात आहे. तुमच्या घरातही असेल.

कुष्ठरोग घ्या. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. पण तो दुखत नाही, हीच त्याची खूण आहे. पूर्वी लोकांना वाटायचं, ह्या रोगात बोटं आपोआप सडून गळतात. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली आले. त्यांचा जन्म आपल्याच देशातला, १९१४ चा. एकदा त्यांना एक गंजलेलं कुलूप उघडेना. एका कुष्ठरोगी मुलानं किल्ली जोर लावून फिरवली आणि कुलूप उघडलं. पाहतात तो मुलाच्या बोटाचं मांस हाडापर्यंत फाटलेलं, आणि त्याला पत्ता नाही. तिथून त्यांनी एकेका जखमेचा माग काढला. गरम भांडं धरणं, फावड्यातला खिळा, रात्री उंदरांनी कुरतडणं. बोटं रोगानं गळत नव्हती, दुखलं नाही म्हणून जात होती. उंदरांवर उपाय म्हणून त्यांनी रुग्णांना मांजरं दिली. आमच्या डॉक्टरीणबाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या हे म्हणाले, “म्हणजे आपण घरातली मांजरंच की!”

आपल्या महाराष्ट्रात तर ह्या कामाची मोठी परंपरा आहे. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय १८९० पासूनचं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला १९४९ साली बाबा आमट्यांचं आनंदवन. तेव्हा माणसाला घर सोडून तिथं जावं लागायचं. आज तसं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा बारा महिने घ्यायचं, घरी राहून. लवकर घेतलं तर नसा वाचतात. चट्टा दिसला तर आशाताईंना दाखवा. लहान मुलांच्या अंगावरचा तर मुळीच सोडू नका.

दुसरं म्हणजे साखर. मधुमेह जुना झाला की तळपाय बधिर होतात. आत्यांना बारा वर्षं साखर आहे. नातवाचे पाय तपासायला आम्ही दिवा घेऊन बसलो की आता त्याही शेजारी पाय पसरून बसतात. मागच्या वर्षी त्यांच्या चपलेतला खडा नातवानंच शोधला. दिवसभर त्या त्यावर चालत होत्या, अंगठ्याखाली फोड आलेला. “आजी, लाल दिसतंय,” म्हणाला. तुमच्या घरात साखरेचं माणूस असेल तर त्याचे पाय रोज कोण बघतं? चप्पल झटकून घालतं का? शेकोटीला पाय शेकतं का? ते शेकणं तेवढं बंद करा.

आणि अंगणवाडीच्या ताईंना एक विनंती. सुई टोचल्यावर बाळ एकदाही रडलं नाही, उन्हात तापतं पण घाम येत नाही, जीभ-बोटं चावून जखमा करतं, भाजूनही रडत नाही, असं काही आढळलं तर शहाणं बाळ म्हणून सोडू नका. शाळा-अंगणवाडीत मुलांना तपासणारं डॉक्टरांचं पथक येतं, त्यांच्यापुढे त्याला बसवा. आईबापाला दोष देण्याआधी एवढं करा.

मध्यंतरी त्यानं ताईला विचारलं, “दुखतं म्हणजे काय होतं?” ती पोर विचार करत राहिली. मग म्हणाली, “कुणीतरी आतून जोरात हाक मारतं, आणि तू ओ दिल्याशिवाय थांबत नाही.” तो म्हणाला, “मला कुणी मारत नाही हाक.” ती म्हणाली, “मी मारते ना.” आम्ही मशीनवर होतो, पाय थांबला.

सध्या त्याचे पुढचे दोन दुधाचे दात हलताहेत. नवे दात येतील ते मोठे आणि धारदार असतील, म्हणून पुढच्या सोमवारी दाताच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. दातांवर बसवायची टोपी करून देणार आहेत. पहिले काही दिवस तो ती काढून फेकणार, हे आम्हाला माहीत आहे, म्हणून ह्यांनी त्या आठवड्यात पुन्हा रात्रपाळी मागून घेतली आहे.